सोळा ठिकाणं, सोळा रस्ते



मी बोस्टनला राहते म्हणून 'तिकडचं काहीतरी सांग' असा संयोजकांचा आग्रह. बोस्टन हे जुनं बंदर. तिथल्या फुटपाथवर एक लाल रेघ आहे. कुठे रंगाची, कुठे विटांची. तिला फ्रीडम ट्रेल म्हणतात. 1951 साली एका पत्रकाराला ही कल्पना सुचली. रेघेवरून अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर चाललं की सोळा ऐतिहासिक ठिकाणं बघून होतात.

पाहुणे आले की मीच गाईड. डिसेंबर 1773 मध्ये ज्या सभेतून उठून लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या 342 पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या, ते ओल्ड साउथ मीटिंग हाउस दाखवते. 1876 मध्ये ही इमारत पाडायला काढली होती. गावकऱ्यांनी पैसे जमवून वाचवली, हेही सांगते.

आई आली तेव्हा तिलाही नेलं. चालता चालता तिने विचारलं, "इथे सोळा ठिकाणं. आपल्या गोलाईला रस्ते किती गं?" मला सांगता येईना. रोज गंजगोलाईला सायकलने वळसा घालून शाळेत येणारी मी! "सोळाच," आई म्हणाली. मग बाकावर बसून तिने एकेक रस्ता सांगितला. सराफा कुठे, चपला कुठे, मिरची कुठे, गूळ कुठे, तिच्या लग्नाचा शालू कुठला. मी नुसतं ऐकलं, लिहून घेतलं नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली. आता मला जेमतेम सहा-सात रस्ते आठवतात.

गोलाई 1917 ची, आखणी फैयाजुद्दीन यांची, मध्ये जगदंबेचं देऊळ, एवढं पुस्तकात सापडतं. बाकीचं माणसांबरोबर जातं. 1760 ची उदगीरची लढाई सरांनी शिकवली म्हणून आपल्याला ठाऊक. नाहीतर तो किल्ला आपल्यासाठी सहलीला डबे खायची जागा होता.

लातूरला लाल रेघ नको, एक वही पुरे. आपण सोळा जण सहज निघू. एकेकाने एक रस्ता घ्यावा, तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलावं, शाळेतली नववीची दोन मुलं सोबत न्यावीत आणि ती वही शाळेत ठेवावी.

मिरचीचा रस्ता माझा. परवा माझं विमान आहे. उद्या सकाळी नऊला मी देवळापाशी उभी असेन. या.