जागा आपली केव्हा होते?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



आम्ही काही पंडित नाही. साचाखात्यात उभे राहून पोट भरले आणि पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचता आले तेवढीच आमची विद्या. तेव्हा धम्माचे गहन विवेचन आमच्याकडून होणार नाही. ते भन्तेजी करतील. आम्ही आज बोलणार आहोत जागेविषयी. माणसांनी एकत्र जमायची, बसायची, वाचायची, सभा भरवायची जागा. शहरात ही जागा कशी तयार होते आणि कशी हातची जाते, एवढाच आमचा विषय.

तुम्ही म्हणाल, वर्धापनदिनाला हा काय विषय काढला? पण बाबासाहेबांचे चरित्र जरा या नजरेने वाचून बघा. परळच्या चाळीतील एका खोलीत सुभेदारांचे सगळे कुटुंब. तिथे मुलाने अभ्यास करायचा कुठे? म्हणून शाळा सुटल्यावर लहानगा भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. त्याच बागेत केळुसकर गुरुजींनी त्याला पाहिले, विचारपूस केली, पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराची सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. त्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हातात ठेवले. आता विचार करा, त्या बागेच्या फाटकावर कोणी रखवालदार बसवला असता आणि ‘तू कुठला, तुझा पास दाखव’ असे विचारले असते तर? सगळ्यांसाठी उघडी असलेली एक बाग, एवढ्याने केवढे काम केले!

पुढे याच बोले साहेबांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले पाहिजेत, असा तो ठराव. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागद झाला, पण पाण्याला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसे घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कुठे त्या कागदात जीव आला. हे नीट ध्यानात ठेवा. हक्क ठरावात लिहिलेला असतो, पण जागा आपली होते ती वापरल्याने.

सनातन्यांनी मग काय युक्ती काढली? कोर्टात गेले आणि म्हणाले, हे तळे सार्वजनिक नाहीच, ही खाजगी मालमत्ता आहे! दहा वर्षे दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. ‘खाजगी’ हा शब्द आजही तसाच वापरला जातो. त्याकडे आम्ही पुढे येतो.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरली. मंडप घालायला गावात कोणी जागा देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्या जागेवर मंडप उभा राहिला आणि २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृतीचे दहन झाले. मंडप तो काय, बांबू आणि कापड. दोन-तीन दिवसांत उतरवला गेला असेल. पण त्यात जे घडले ते कोणाला पुसता आले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली तीसुद्धा मोकळ्या मैदानात. तेव्हा तिथे स्तूप नव्हता. आधी माणसे आली, स्तूप नंतर उभा राहिला. आपल्या चळवळीचा हा क्रमच आहे. आधी माणसे, मग मंडप आणि सर्वांत शेवटी भिंत.

मुंबईचे उदाहरण तर आपण दर वर्षी डोळ्यांनी पाहतो. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. तिथला स्तूप उभा राहून खुला व्हायला १९७१ साल उजाडले. मधली पंधरा वर्षे लोक येतच होते. आज चैत्यभूमीची जागा ती केवढी? शेजारी शिवाजी पार्कचे सुमारे २८ एकरांचे मैदान आहे म्हणून लाखो माणसांचा समावेश होतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे अक्षरशः एक नगर वसते. महापालिका निवाऱ्याचे मंडप घालते, नळ लावते, फिरते संडास आणि दवाखाना उभा करते. विदर्भ-मराठवाड्याची माणसे भाकरीचे गाठोडे घेऊन येतात, मैदानात झोपतात. समता सैनिक दलाचे जवान रांगा लावतात. आणि पुस्तके! ज्या आजीला स्वतःला वाचता येत नाही ती नातवासाठी संविधान विकत घेऊन पदरात बांधते. अलीकडे काही तरुणांनी फुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणायला सांगितले, त्या वह्या गरीब मुलांना जातात. दोन-तीन दिवसांनी नगर उठते आणि मैदान पुन्हा क्रिकेटवाल्या पोरांचे होते. तिथे आपला एक खांबही राहत नाही. तरी सहा डिसेंबरला ते मैदान कोणाचे असते हे साऱ्या मुंबईला ठाऊक आहे.

आता आपल्या घरचे सांगतो. आज ज्या विहारात आपण बसलो आहोत, तिथे काय होते हे नव्या पोरांना माहीत नाही. कचऱ्याचा ढीग आणि बाजूला गटार. नळावर जाणाऱ्या बायका नाकाला पदर लावून जात. एका जयंतीला आम्ही पोरांनी ढीग उपसला, कचरापेट्या पलीकडे सरकवल्या आणि ताडपत्रीचा मंडप घातला. जयंती झाली, डेकोरेटरने बांबू सोडले. पण एक बाक आणि एक दिवा आम्ही तिथेच ठेवला. त्या दिव्याखाली पोरे अभ्यासाला बसू लागली. मग कोणी म्हणाले, रविवारी वंदना घेऊ. मग वर्षावासात ग्रंथवाचन सुरू झाले, बायका वाती-मेणबत्त्या घेऊन येऊ लागल्या. मग पत्रे आले. पुढे हरकत निघाली, नोटीस आली. तेव्हा आमच्याजवळ काय होते? वर्गणीची पावतीपुस्तके, विजेची बिले, कार्यक्रमांच्या पत्रिका आणि जयंतीचे फोटो. वर्षानुवर्षे ही जागा लोक वापरतात याचा तोच पुरावा ठरला आणि विहार टिकला. म्हणून आम्ही समितीला नेहमी सांगतो, पावती फाडा आणि तिची स्थळप्रत जपून ठेवा.

जागा वाचवता न आल्याचेही उदाहरण आपल्या गिरणगावातच आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. पुढे वडिलांच्या जागी बदलीत लागलो तोवर गिरणी धापा टाकत होती. १९९१ साली सरकारने नियम केला की गिरणीची जमीन विकासाला काढली तर साधारण तिचे तीन भाग करावेत. एक भाग महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक सरकारी घरांसाठी आणि एक मालकाला. नियम चांगला होता. सुमारे ६०० एकरांचा प्रश्न होता. पण २००१ साली दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असे ठरले. आता ज्याने गिरणी पाहिली आहे त्याला विचारा, गिरणीत मोकळी जमीन असते किती? सगळीकडे शेडच शेड! २००६ साली सुप्रीम कोर्टानेही ती दुरुस्ती कायम केली. मैदानांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. जिथे आमचे वडील भोंग्यावर धावत आत जात, तिथे आज आत जाताना रखवालदार पिशवी तपासतो. जागा ‘खाजगी’ झाली ना!

तीच वेळ आता चाळी-वस्त्यांवर आली आहे. बीडीडीच्या २०७ पैकी बहुतेक चाळी, एकेक खोली १६० फुटांची, तिथे टॉवर होत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगली गोष्ट आहे. संडासाच्या रांगेत ज्यांचा जन्म गेला त्या मायबहिणींना स्वतःचे न्हाणीघर मिळाले, याला आमचा विरोध कसा असेल? आपल्या वस्तीचाही पुनर्विकास आज ना उद्या होणारच. प्रश्न एवढाच आहे की घर मोठे होताना अंगण कुठे जाणार? आम्ही एका वस्तीचा नकाशा पाहिला. जिथे जयंतीचा मंडप पडायचा तिथे मोटारींचा मजला होता. बाग सातव्या मजल्यावर, विहाराची खोली मागच्या कोपऱ्यात पंपाच्या बाजूला. चाळीत एखाद्या घरी मयत झाली तर गॅलरीत शंभर माणसे उभी राहायची. तिथे पुण्यानुमोदनाला बसायचे कुठे? लिफ्टच्या दारात?

कोणी म्हणेल, एवढ्या गर्दीच्या शहरात जागा आणायची कुठून? माटुंग्याला जाऊन बघा. २०११ साली तिथे उड्डाणपूल झाला आणि पुलाखाली गाड्या, कचरा आणि जुगार सुरू झाला. आसपासच्या रहिवाशांनी पदरचे पैसे घालून रखवालदार ठेवले, महापालिकेचा पिच्छा पुरवला आणि २०१६ साली पुलाखाली बाग झाली. आत सुमारे सहाशे मीटरची वाट आहे, म्हातारी माणसे फिरतात, पोरे अभ्यास करतात. २०२२ साली मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसारखे काही रस्ते मोटारींना बंद करून माणसांना खुले केले. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात. परदेशात कोलंबियाच्या बोगोटा शहरात तर १९७४ पासून हे चालले आहे, रविवारी शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते सायकलींना आणि चालणाऱ्यांना मोकळे. शिकलेले लोक याला मोठमोठी नावे देतात. आपण तर गल्लीत सतरंजी टाकून भीमगीतांचा जलसा पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. फक्त आपण ते एका रात्रीपुरते ठेवतो.

तेव्हा समितीपुढे आणि तुमच्यापुढे आमच्या चार सूचना आहेत.

पहिली, महिन्यातून एका रविवारी सकाळी विहारासमोरची गल्ली रीतसर परवानगी काढून मोटारसायकलींना बंद ठेवावी. सतरंज्या टाकाव्यात, विहाराची पुस्तके बाहेर मांडावीत, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे.

दुसरी, मंडप घालताना रस्ता खोदू नये. वाळूने भरलेल्या डब्यांत बांबू रोवता येतात. रुग्णवाहिका जाईल एवढी वाट सोडावी, रात्री दहा वाजता कर्णा बंद करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपणच झाडू मारावा. जागा स्वच्छ करून परत दिली तर पुढच्या वर्षी मागायला तोंड राहते.

तिसरी, बायकांना विचारल्याशिवाय कोणतीही जागा ठरवू नये. नळाजवळचा ओटा हीच त्यांची सभा होती. तो ओटा गेला की त्यांची सभा मोडते, आणि पुरुषांच्या ते लक्षातही येत नाही.

चौथी सर्वांत महत्त्वाची. पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी आपल्या तरुणांनी वस्तीचा नकाशा स्वतः काढावा. चौक, ओटे, नाका, वाचनाची जागा, मंडपाची जागा. कुठे किती माणसे, कोणत्या वेळी, कशासाठी जमतात ते लिहावे. आणि मग आपली मागणी लेखी द्यावी. विहार तळमजल्यावर, रस्त्याकडून दार असलेला. समोर जमिनीवर मोकळे पटांगण, मोटारी उभ्या न करण्याच्या अटीसह, आणि शेजारच्या वस्तीतल्या मुलांनाही खुले. तोंडी आश्वासन चालणार नाही. घराचे चौरस फूट सगळेच मोजतात, पटांगणाचे कोण मोजतो? आपण मोजायचे.

शेजारच्यांनाही खुले, हे आम्ही मुद्दाम म्हणतो. संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि लोकांनी जमण्याच्या जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या अशा जागी जात, धर्म, लिंग पाहून कोणाला अडवता येणार नाही. महाडचे पाणी त्या कलमात उतरले आहे. आपल्याला अडवले होते म्हणून आपण कोणाला अडवायचे नाही.

तथागतांनी वज्जींविषयी सांगितले ते भन्तेजींनी अनेकदा समजावले आहे. जोपर्यंत ते वारंवार एकत्र जमतील, एकजुटीने बसतील आणि एकजुटीने उठतील तोपर्यंत त्यांची हानी होणार नाही. आता जमायला आणि बसायला जागाच उरली नाही तर एकजूट राहणार कशी? म्हणून संमतीचा कागद दारात येईल तेव्हा घाई करू नका. तो घेऊन आधी इथे विहारात या. रविवारी सायंकाळी वंदनेनंतर नकाशाच्या कामाला सुरुवात करू. पोरांनी वही, पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन यावे, बायांनी आपापले ओटे सांगायला यावे. चहा आमच्याकडून.



जयभीम! नमो बुद्धाय!