मज्जेंतील मुकादम

गेल्या मार्गशीर्षांत माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. चौथ्या इयत्तेंत तो माझ्यासमोर पहिल्या बांकावर बसत असे. आतां त्याचे केस कानांजवळ पांढरे झाले आहेत. चहा झाला, गांवच्या गोष्टी झाल्या, तरी त्याच्या येण्याचें कारण बाहेर पडेना. शेवटीं त्यानें पिशवींतून एक रंगीत पत्रक काढलें आणि तो म्हणाला, "गुरुजी, हें जरा वाचून पाहा."

पत्रक एका खाजगी दवाखान्याचें होतें. या गृहस्थाचा सहा वर्षांचा मुलगा जन्माच्या वेळीं मेंदूस इजा झाल्यामुळें चालूं शकत नाहीं. मूलपेशींचीं तीन इंजेक्शनें दिलीं कीं अशीं मुलें चालूं लागतात, असा त्या पत्रकाचा आशय होता. आणि त्यासाठीं मागितलेली रक्कम अशी होती कीं, गांवाकडील वडिलार्जित जमिनीचा तुकडा विकल्यावांचून ती उभी राहणें शक्य नव्हतें. गिऱ्हाईक ठरलें होतें. इसार तेवढा घ्यावयाचा राहिला होता. "आपण हो म्हणालांत कीं इसार घेतों," असें तो म्हणाला.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. अपूर्णांक आणि त्रैराशिक शिकविण्यांत माझा जन्म गेला. वैद्यकांतील प्रश्नावर हो किंवा नाहीं म्हणण्याचा मला अधिकार काय? परंतु विद्यार्थ्यानें विचारलेल्या प्रश्नास 'मला ठाऊक नाहीं' एवढेंच सांगून त्याला परत पाठवावयाचें, हेंहि शिक्षकास शोभत नाहीं. मीं पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. त्या पंधरा दिवसांत ग्रंथालयांत बसून जें वाचलें, व आमच्या शेजारच्या एका डॉक्टरांनीं जें शांतपणें समजावून दिलें, तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

आपलें शरीर पेशींचें बनलेलें आहे, हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. यांपैकीं बहुतेक पेशींचें काम ठरून गेलेलें असतें. स्नायूची पेशी आकुंचन पावते, तांबडी रक्तपेशी प्राणवायु वाहून नेते. एकीचें काम दुसरीला येत नाहीं. परंतु कांहीं थोड्या पेशींची धंद्याची निवड अद्यापि पुरती झालेली नसते. त्या स्वतःसारख्या पेशी निर्माण करतात, आणि गरजेप्रमाणें निरनिराळ्या कामाच्या पेशींनाहि जन्म देतात. यांना मूलपेशी म्हणतात. हाडांच्या पोकळींतील मज्जेंत रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशी असतात. टोरांटो येथील टिल व मॅक्कलक या दोन संशोधकांनीं १९६१ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं त्यांचा पुरावा पुढें आणला. रक्ताच्या कर्करोगावर मज्जारोपणाचा जो उपचार आज सर्वमान्य आहे, तो याच पेशींच्या बळावर चालतो.

माझा आजचा विषय मात्र त्याच मज्जेंत बिऱ्हाड करून राहणारी दुसरी एक जात आहे. मॉस्को येथील अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन या संशोधकानें १९६० नंतरच्या दशकांत प्राण्यांची मज्जा कांचेच्या भांड्यांत ठेवून पाहिली. रक्ताच्या पेशी द्रवांत तरंगत राहिल्या; परंतु थोड्या पेशी तळाला चिकटून बसल्या, चातीसारख्या लांबट झाल्या, आणि वाढतां वाढतां त्यांच्या वसाहती बनल्या. मज्जेंतील पेशी त्यानें प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखालीं बसविल्या, तों जेथें हाडाचा कांहींएक संबंध नाहीं तेथें हाड तयार झालें! अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथील आर्नल्ड कॅप्लन यांनीं १९९१ सालीं या पेशींना 'मेसेंकायमल मूलपेशी' हें नांव रूढ केलें. गर्भावस्थेंत ज्या मऊ, सैल अशा मधल्या थरांतून पुढें हाडें, कूर्चा, चरबी इत्यादि घडतात, त्या थराचें ग्रीक धातूंवरून पडलेलें नांव मेसेंकाइम. त्यावरून हें विशेषण आलें. १९९९ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं मनुष्याच्या मज्जेंतील अशा पेशींपासून प्रयोगशाळेंत हाड, कूर्चा आणि चरबी अशा तिन्ही प्रकारच्या पेशी तयार करून दाखविल्या. पुढें चरबींत आणि बाळाच्या नाळेंतहि अशा पेशी सांपडल्या.

मज्जेंत यांची संख्या फारच थोडी. दहा हजार पेशींत एक, किंवा लाखांत एक. म्हणून उपचारासाठीं त्या वाढवाव्या लागतात. आपल्या घरीं विरजण लावतात त्याचीच ही शास्त्रीय आवृत्ति समजा. चिमूटभर पेशी पोषक द्रवांत, शरीराइतक्या म्हणजे ३७ अंशांच्या उबेंत ठेवावयाच्या, आणि त्यांच्या कोट्यवधि झाल्या म्हणजे अतिशीत द्रवरूप नत्रवायूंत सांठवून ठेवावयाच्या. परंतु विरजणाला विरजण पुनःपुन्हा लावीत गेलें तर दह्याची चव बिघडते, तद्वत् या पेशीहि फार पिढ्या वाढविल्या तर म्हाताऱ्या होतात आणि त्यांचे गुण उतरतात. भांड्यांत वाढणारी प्रत्येक पेशी मूलपेशी नव्हे, म्हणून २००६ सालीं या क्षेत्रांतील आंतरराष्ट्रीय मंडळानें तीन कसोट्या घालून दिल्या: ती भांड्याच्या तळाला चिकटली पाहिजे, तिच्या पृष्ठभागावर ठराविक खुणा असल्या पाहिजेत, आणि तिच्यापासून हाड, कूर्चा व चरबी या तिहींच्या पेशी घडविता आल्या पाहिजेत.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. प्रारंभीं सर्वांची कल्पना अशी होती कीं, या पेशी म्हणजे गवंडी. भिंत पडली, गवंडी पाठविला, त्यानें विटा रचल्या, काम झालें. प्रत्यक्ष पाहणींत निराळेंच दिसून आलें. शिरेंतून दिलेल्या या पेशींपैकीं बहुतेक फुप्फुसांतच अडकतात आणि थोड्याच दिवसांत नाहींशा होतात. नवीन अवयव घडविण्यास त्या शिल्लकच राहत नाहींत. तरीसुद्धां कांहीं रोगांत गुण येतो. कां? तर या पेशी स्वतः भिंत बांधीत नाहींत, त्या मुकादमाचें काम करतात. त्यांच्यापासून निघणारीं रासायनिक द्रव्यें शरीराच्या रक्षक पेशींना 'आवरा, शांत व्हा' असा निरोप देतात, दाह कमी करतात, आणि शरीराच्या स्वतःच्या दुरुस्तीस वाव देतात. ज्या कॅप्लन यांनीं १९९१ सालीं नांव रूढ केलें, त्यांनींच २०१७ सालीं लिहिलें कीं हें नांव आतां बदलावें. यांना मूलपेशी न म्हणतां औषधी निरोप धाडणाऱ्या पेशी म्हणावें. आपणच लाविलेलें नांव लोकांची दिशाभूल करीत आहे असें दिसतांच तें पुसावयास निघालेला हा गृहस्थ २०२४ सालीं वारला. फळ्यावर चुकलेला आंकडा वर्गासमक्ष पुसणें किती जड जातें, हें मी अनुभवानें जाणतों.

या मुकादमीचें सर्वांत चांगलें उदाहरण स्टॉकहोमचें आहे. दुसऱ्याच्या रक्तमूलपेशींचें रोपण केल्यावर, पुष्कळदां, पाहुण्या रक्षक पेशी यजमानाच्याच शरीरावर उलटतात; कातडी, आंतडीं आणि यकृत यांवर हल्ला चढवितात. नऊ वर्षांच्या एका मुलाची अशी अवस्था झाली आणि कोणतेंहि औषध लागू पडेना. तेव्हां कॅरोलिन्स्का संस्थेच्या डॉक्टरांनीं त्याच्या आईच्या मज्जेंतील मेसेंकायमल पेशी वाढवून त्याला दिल्या, आणि मूल मरणाच्या दारांतून परत आलें. २००४ सालीं हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्याच विकारासाठीं अशा पेशींचें औषध २०१२ मध्यें कॅनडानें, २०१५ मध्यें जपाननें, आणि डिसेंबर २०२४ मध्यें अमेरिकेनें, तेथें तर फक्त मुलांसाठींच, मान्य केलें. आपल्याकडे तंबाखूच्या व्यसनानें पायांच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याचा बर्गर नांवाचा जो रोग आहे, त्यावर बंगळूरच्या एका कंपनीनें केलेल्या या पेशींच्या औषधास २०१६ सालीं मर्यादित परवानगी मिळाली. पुढें २०२२ सालीं गुडघ्याच्या संधिवातासाठींहि मिळाली.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजूहि वाचली पाहिजे. आंतड्यांच्या क्रोन नांवाच्या रोगांत गुदद्वाराशीं होणाऱ्या भगंदरावर असें एक औषध युरोपांत २०१८ सालीं मान्य झालें होतें. पुढें मोठ्या चाचणींत त्याचा अपेक्षित गुण सिद्ध होईना, तेव्हां २०२४ अखेर तें मागें घेण्यांत आलें. गुडघेदुखीनें त्रासलेल्या साडेचारशेहून अधिक रुग्णांवर अमेरिकेंत केलेल्या चाचणीचा निकाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मज्जेंतील, चरबींतील आणि नाळेंतील पेशींचीं इंजेक्शनें नेहमींच्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाशीं ताडून पाहिलीं; वर्षअखेर एकहि त्याहून सरस ठरलें नाहीं. आणि फ्लॉरिडांत काय झालें? दृष्टि मंद झालेल्या तीन वृद्ध स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबींतून काढलेल्या पेशी एका दवाखान्यानें पैसे घेऊन टोंचल्या. त्यांची उरलीसुरली दृष्टिहि गेली. हा प्रकार २०१७ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला. 'आपल्याच शरीरांतल्या पेशी, त्या काय अपाय करणार?' असें म्हणणारांनीं तो अवश्य वाचावा.

आपल्या देशांतहि नियम आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनीं २०१७ सालीं घालून दिलेल्या नियमांप्रमाणें, रक्ताच्या विकारांवरील रोपणासारखे मान्य उपचार वगळतां, मूलपेशींचा रुग्णांवर वापर रीतसर परवानगीच्या चाचणींतच व्हावयास पाहिजे. अशा चाचणीची नोंद सार्वजनिक नोंदवहींत असते, ती कोणासहि पाहतां येते. आणि प्रयोगाच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यावयाचे नसतात.

पंधरा दिवसांनीं विद्यार्थी आला तेव्हां त्याचें पत्रक मीं त्याला परत दिलें. मागील कोऱ्या बाजूस चार प्रश्न लिहून ठेविले होते. पेशी कोणाच्या, शरीराच्या कोणत्या भागांतल्या, आणि त्या कोणी वाढविल्या? याच रोगासाठीं सरकारी मान्यता आहे काय? नसल्यास चाचणीचा नोंदणीक्रमांक कोणता? आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे? मी त्याला म्हटलें, "बाळ, मी नको म्हणत नाहीं. हे चार प्रश्न तूं जाऊन विचार. उत्तरें लेखी माग."

तो गेला. परत आला तेव्हां त्याच्याजवळ लेखी उत्तर नव्हतें. सवलतीची मुदत महिनाअखेर संपते, एवढेंच काय तें त्याला सांगण्यांत आलें होतें. इसार त्यानें घेतला नाहीं.

श्रोतेहो, ही गोष्ट विजयाची नाहीं. संक्रांतीला मी त्याच्या घरीं गेलों. मुलाच्या आईनें तिळगूळ हातावर ठेवला आणि शांतपणें विचारलें, "गुरुजी, म्हणजे आतां कांहींच उपाय नाहीं का?" त्या प्रश्नापुढें माझें पंधरा दिवसांचें वाचन थिटें पडलें. मेंदूच्या अशा इजेवर या पेशींचा उपयोग होईल कीं काय, यावर निरनिराळ्या देशांत संशोधन चालूं आहे. उद्यां कदाचित् होईलहि. आज मात्र तो सिद्ध झालेला नाहीं, हें मला तिला सांगावें लागलें. आशा काढून घेणारा मनुष्य कोणालाच आवडत नाहीं, आणि त्या दिवशीं तें काम माझ्याकडे आलें होतें. आमच्या डॉक्टरांनीं सुचविल्याप्रमाणें सरकारी रुग्णालयांत मुलाचा रोजचा व्यायाम मात्र सुरू झाला आहे. तो अद्यापि चालत नाहीं. लोखंडी दांडी धरून तो थोडा वेळ उभा राहतो, आणि उभा राहिला कीं हंसतो. जमीन जागच्या जागीं आहे. त्याच्या पुढच्या शुश्रूषेस ती उपयोगी पडेल.

शास्त्र हळू चालतें. स्वतःची चूक स्वतः पुसतें, म्हणून तर तें विश्वासास पात्र ठरतें. घाई असते ती त्याच्या नांवावर दुकान मांडणारास. आपल्या घरीं असें पत्रक आलें, तर तें फाडून टाकूं नका. त्याच्या कोऱ्या बाजूवर ते चार प्रश्न लिहा आणि उत्तरें लेखी मागा.