बिनकामाचं फिरणं
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' असा भारदस्त विषय दिलाय. माझा परदेश म्हणजे फक्त तीन आठवडे. २०१३ साली, एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, आमचा एक गट अभ्यासदौऱ्यावर मॉरिशसला गेला होता. त्यातल्या एकाच दिवसाबद्दल बोलते. त्या दिवशी सुट्टी होती, आणि मी एकटीच पोर्ट लुई हे राजधानीचं शहर बघायला निघाले.

तोवर मी एकटीने प्रवास केला नव्हता असं नाही. यवतमाळहून नागपूरला एस.टी.ने कितीदा तरी गेले होते. पण दर वेळी काम होतं. परीक्षा, फॉर्म, मावशीचं आजारपण. घरातून निघताना चार प्रश्नांची उत्तरं तयार ठेवायची. कुठे, कशाला, कोणाबरोबर, परत किती वाजता. आपल्यापैकी बहुतेकींनी ही उत्तरं न देता उंबरठा ओलांडलेला नाही. आपण कुठेतरी 'जातो', फिरत नाही.

रोझ हिलहून बस पकडून मी व्हिक्टोरिया स्थानकावर उतरले. जवळच मोठा बाजार. भाज्यांचे ढीग, मसाले, आणि गरमागरम डाळपुरी. पुरणपोळीची बिनगोडाची बहीण म्हणा हवं तर. तिथलं चलनही रुपयाच, नोटेवर इंग्रजीबरोबर तमीळ आणि हिंदी अक्षरं. विकणारी बाई क्रिओल बोलत होती, मी खुणांनी. तिथून चालत बंदराच्या काठावर गेले, बोटी बघत बसले. आम्ही कापसाच्या मुलखातल्या मुली. समुद्र मी त्याआधी एकदाच, मुंबईला, तोही घाईत पाहिला होता.

गंमत अशी की पहिला तासभर मी नुसती बसूच शकले नाही. हातात नकाशा धरलेला, सारखं घड्याळ बघणं, जणू कोणाची तरी वाट पाहतेय. कोणी विचारत नव्हतं, तरी उत्तर तयार. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांवर लिहिलेलं 'व्हाय लॉयटर?' हे २०११ सालचं पुस्तक मी पुढे वाचलं, त्यात नेमकं हेच आहे. रस्त्यावरची बाई सतत दाखवत असते की ती काही कामासाठीच बाहेर पडली आहे. नाहीतर ती 'तसली' ठरते.

बंदराजवळच आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून १९२० पर्यंत हिंदुस्थानातून जवळपास पाच लाख करारमजूर या बेटावर उतरले, उसाच्या मळ्यांसाठी. त्यात आपले मराठी लोकही होते, बरेचसे कोकणातले, मुंबई बंदरातून गेलेले. आजही तिथे मराठी घरं आहेत, शाळेत मराठी शिकवतात. मजूर चढत त्या दगडी पायऱ्या २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जपल्या आहेत.

तिथे मला एक गोष्ट कळली, ती मात्र कायमची डोक्यात बसली. १८६७ च्या कायद्याने, करार संपून मोकळ्या झालेल्या मजुरालासुद्धा स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगावा लागे. नसला तर तो 'भटक्या' ठरे आणि पकडून त्याची रवानगी शहराजवळच्या ग्रँड रिव्हर इथल्या भटक्यांच्या कोठडीत होई. मळेवाल्यांचा हिशेब सरळ होता. माणूस मोकळा फिरला तर पुन्हा मळ्यावर येणार नाही, म्हणून फिरणंच गुन्हा करून टाकायचं. १८७१ साली नऊ हजारांहून अधिक मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला, चौकशीसाठी आयोग बसला. अर्जदारांच्या बाजूने उभा राहिलेला आडोल्फ द प्लेव्हिट्झ हा युरोपियन गृहस्थ मळेवाल्यांच्या डोळ्यांत सलला. हे ऐकताना मला आपले चार प्रश्न आठवले. आपल्या पासवर फोटो नसतो, एवढंच.

पोर्ट लुई म्हणजे बायकांचा स्वर्ग असं मात्र मी म्हणणार नाही. संध्याकाळी दुकानं मिटली की शहर ओस पडतं, आणि तिथल्या बायकाही मला म्हणाल्या, अंधार व्हायच्या आत परत जा. शिवाय मी परकी होते. मला तिथे कोणी कोणाची लेक, कोणाची सून म्हणून ओळखत नव्हतं. ती मोकळीक फुकटची होती. खरी कसोटी आपल्याच बसस्टँडवर.

आता इथलं सांगते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. लगेच पारावर सुरू झालं, "आता बाया गावभर फिरतीन!" फिरतात का? आमच्या गटातली एक बाई आहे, नवऱ्याने आत्महत्या केलेली. कागदासाठी ती महिन्यातून दोनदा तालुक्याला जाते. काम बारालाच आटोपतं, गावाची बस चारला. मधले चार तास ती स्टँडच्या बाकावर बसून काढते. बाजारात का नाही जात, विचारलं तर म्हणाली, "एकटी दिसली का लोक म्हन्तेत, कामून आली वो? घरी गडीमानूस नाही का?" गडीमाणूस नाही म्हणूनच तर ती आली आहे! माहूरला नाहीतर कळंबच्या चिंतामणीला जाते म्हटलं की हीच माणसं तिला वाट देतात. देवाचा पास चालतो.

गेल्या महिन्याच्या बैठकीत मी हा पोर्ट लुईचा दिवस सांगितला. तीच बाई सगळं ऐकून म्हणाली, "ताई, मी समुद्र पाह्यला नाही. रत्नागिरीलोक अर्धं तिकीट चालते का?" म्हटलं, चालतं, राज्यात सगळीकडे. ती म्हणाली, "मंग घरी काय सांगू?"

बाकीच्या हसल्या. देवाचं नाव सांग, एकीने सुचवलं. दुसरी म्हणाली, नाही, खरंच सांगू. मग बराच वेळ त्यावरच वाद चालला, आणि शेवटी एकीने विचारलं, जायला किती दिवस लागतात, आणि दर बैठकीला दहा-दहा रुपये टाकले तर किती महिन्यांत जमतील.