शुभवर्तमान : घरी आणि मंडळीत

पोथी कशी वाचावी हे मराठवाड्यातल्या माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. श्रावणात घरोघर पोथी लागते, गावोगाव ज्ञानेश्वरीचे सप्ताह बसतात, गुरुचरित्राचे सात दिवसांचे पारायण होते. नांदेडला तर १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरूचे स्थान दिले, आणि त्या ग्रंथात आपल्या नामदेवांचीही पदे आहेत. एकाने वाचायचे, दहा जणांनी ऐकायचे आणि ऐकलेले मनात घोळवीत घरी जायचे, ही आपल्याकडची जुनी रीत.

याच नांदेड-लातूर भागात ख्रिस्ती कुटुंबेही राहतात. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबादच्या कॅथॉलिक धर्मप्रांतात हे दोन्ही जिल्हे येतात. शिवाय प्रॉटेस्टंट परंपरेच्या मंडळ्या आहेत. त्यांच्याही घरात एक ग्रंथ असतो. त्यातल्या एका शुभवर्तमानाचा अभ्यास घरी कसा करावा आणि मंडळीत कसा करावा, एवढाच आजचा विषय आहे. तुम्ही ख्रिस्ती असाल तर ही तुमच्या घरचीच गोष्ट झाली. नसाल, तरी ग्रंथ वाचून समजून घेण्याचा प्रश्न तुमचाही आहेच. तेव्हा ऐकायला हरकत नाही.

शुभवर्तमाने चार : मत्तय, मार्क, लूक आणि योहान. अभ्यासाला नव्याने बसणाऱ्याने मार्कापासून सुरुवात करावी. ते सर्वांत लहान आहे. अवघे सोळा अध्याय. मोठ्याने वाचले तर सुमारे दोन तासांत संपते. बहुतेक अभ्यासकांच्या मते चारांत ते सर्वांत आधीचे, इसवी सन ७० च्या आगेमागे ग्रीक भाषेत लिहिलेले. त्या काळी प्रत्येकाच्या हाती प्रत कुठली असणार? एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, याच रीतीने ते पसरले. म्हणजे आपल्या पोथीची आणि त्याची जातकुळी फार दूरची नाही.

आता हा परक्या भाषेतला मजकूर मराठी घरात कसा आला, ते थोडक्यात पाहू. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज जेझुइट १५७९ साली आले. त्यांनी येशूची कथा ओवीबद्ध मराठीत रचली. ते क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. सतराव्या शतकातल्या त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज आढळत नाही. मग पुराण टिकले कसे? लोकांनी हाताने नकलून काढलेल्या पोथ्यांमुळे. त्या पोथ्यांवरूनच १९०७ साली मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली. छापखान्याने जे गमावले ते नकलून ठेवणाऱ्या हातांनी राखले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे १८०५ साली विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. पंडिता रमाबाईंनी मात्र वेगळाच विचार केला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आलेल्या, थोडेफार वाचू लागलेल्या बायकांना कळेल असे सोपे बायबल त्यांना हवे होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतर पुरे झाले, १९२२ साली त्या वारल्या, आणि १९२४ साली संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिले. तेच दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये आपल्या शेजारी उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. या सगळ्या खटपटीचा हेतू एकच होता : घरातल्या माणसाला घरातल्या भाषेत वाचता यावे.

तर आता घरी कसे वाचायचे?

रोज थोडे वाचावे, पण गोष्ट पुरी वाचावी. एखादे आवडते वचन तेवढे उचलून भिंतीवर टांगणे म्हणजे अभ्यास नव्हे. नातीने वाचावे, आजीने ऐकावे, आणि वाचून झाल्यावर आजीने ती गोष्ट आपल्या शब्दांत परत सांगावी. आजीला अक्षरओळख नसेल तर बिघडत नाही. पुष्कळदा गोष्टीतला बारकावा तिलाच आधी सापडतो. मग प्रत्येकाने एक प्रश्न काढावा. उत्तर सापडलेच पाहिजे असा आग्रह नको. प्रश्न वहीत लिहून ठेवावा म्हणजे झाले.

उदाहरण घेऊ. मार्काच्या चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला आहे. काही बी वाटेवर पडते आणि पाखरे खातात. काही खडकाळ जागी उगवून उन्हाने करपते. काही काट्याकुट्यांत गुदमरते. आणि चांगल्या जमिनीत पडलेले तीसपट, साठपट, शंभरपट देते. आता औशाकडचा शेतकरी हे ऐकून काय म्हणेल? तो म्हणेल, 'असा कसा हा पेरणारा? चाड्यावर मूठ धरणारा माणूस वाटेवर बी सांडतो होय?' प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे तिफणीने पेरायची रीत. चाड्यातून नळीवाटे बी थेट तासात जाते. आता तर ट्रॅक्टरने सोयाबीन पेरतात. त्या देशात मात्र गहू आणि जव मुठीने फेकून पेरीत. फेकलेले बी वाटेवरही पडणारच.

शेतकऱ्याचा दुसरा प्रश्न त्याहून मार्मिक असेल. 'शंभरपट म्हणजे काय मोठे? एकरी चार किलो ज्वारी पेरली आणि चार क्विंटल झाली, की शंभरपट झालीच की!' बरोबर आहे. पण बियाणे जास्त लागणाऱ्या गव्हा-जवाच्या त्या देशात, त्या काळी, दहापट आले तरी पीक चांगले म्हणत. तिथे शंभरपट हा आकडा ऐकून लोक चकित झाले असतील. म्हणजे पाहा, ज्वारीच्या हिशेबाने वाचले तर दाखल्यातले नवल निघून जाते आणि गव्हाच्या हिशेबाने वाचले तर ते परत येते. हे प्रश्न काही पंडिताला सुचत नाहीत, ते बांधावरच्या माणसाला सुचतात. घरच्या वाचनाचे मोल ते हेच.

देगलूर, बिलोली, उदगीर या सीमेकडच्या भागात तर आणखी एक सोय आहे. तिथे मराठी घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी सून असू शकते. तिच्या माहेरचे बायबल तिच्या भाषेत असेल. तेच वचन दोन्ही भाषांत वाचून पाहावे. एका भाषेत जो शब्द सरळ वाटतो तोच दुसऱ्या भाषेत अडखळायला लावतो, आणि अडखळले की माणूस विचार करू लागतो.

पण श्रोतेहो, नुसत्या घरच्या वाचनात एक धोका आहे. घरात आपल्याला विरोध करणारे कोणी नसते. कर्ता माणूस म्हणेल तोच अर्थ ठरतो. आपल्या मनात जे आधीपासून आहे तेच ग्रंथात दिसू लागते. म्हणून मंडळी हवी. तिथे शेतकरी असतो, शिक्षिका असते, दवाखान्यातली परिचारिका असते, हमाल असतो. एकाने काढलेला अर्थ दुसऱ्याच्या अनुभवावर घासून पाहता येतो.

मात्र मंडळीतही दुसरा धोका असतो. पाळक बोलतात, बाकीचे माना डोलावतात, आणि अभ्यास झाला असे सगळे समजतात. प्रवचनाला त्याची जागा आहे. अभ्यासाच्या बैठकीत मात्र आधी वहीतले प्रश्न वाचावेत, आणि ज्याने कधी तोंड उघडलेले नाही त्याला आधी बोलू द्यावे.

हे मी का म्हणतो? पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्राव होणाऱ्या एका बाईची गोष्ट आहे. तिचा सगळा पैसा वैद्यांपायी गेला, गुण आला नाही, उलट दुखणे वाढले. त्या समाजाच्या नियमाप्रमाणे ती विटाळशी. तिने कोणाला शिवायचे नाही. ती गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते. पुष्कळ ठिकाणी बैठकीत ही गोष्ट घाईघाईने उरकतात. पुरुषांना संकोच वाटतो, बायका पदर सावरून खाली बघतात. पण घरी माजघरात सासूला आणि सुनेला ही गोष्ट सांगावी लागत नाही. महिन्याचे चार दिवस बाजूला बसणे काय असते, हे त्या जाणतात. दवाखान्याच्या बिलापायी कर्ज काढणे काय असते, हेही जाणतात.

आता गोष्टीचा शेवट पाहा. बाई बरी झाली, ती गुपचूप निघून गेली असती तरी चालले असते. येशू थांबतो आणि कोणी हात लावला म्हणून विचारतो. ती थरथरत पुढे येते आणि सगळ्यांसमोर सगळे खरे सांगते. तो तिला मुलगी म्हणून हाक मारतो. जी गोष्ट आजवर तिच्या मनातच होती ती चारचौघांत बोलली गेली, आणि त्यामुळे तिला कमीपणा आला नाही, मान मिळाला. ज्या मंडळीत हा अध्याय वाचला जातो, पण बाईला आपले दुखणे बोलायची सोय नाही, त्या मंडळीने तो अध्याय वाचला असे म्हणायचे तरी कसे?

आणखी एक अवघड जागा सांगतो. मार्काचा सोळावा अध्याय उघडा. आठव्या वचनात रिकाम्या कबरेवरून बायका भीतीने पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. नऊ ते वीस ही पुढची वचने चौथ्या शतकातल्या दोन अत्यंत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. पुष्कळ छापील प्रतींत तशी तळटीप असते. तरुण मुलगा ती वाचतो आणि विचारतो, तेव्हा त्याला गप्प बसवू नये. मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. तेवढ्याने ज्ञानेश्वरीवरची कोणाची श्रद्धा ढळली नाही, उलट ग्रंथाची काळजी घेणारा म्हणून नाथांना मान मिळाला. मंडळीत तळटीप मोकळेपणाने वाचावी, जुन्या प्रतींत काय आहे ते सांगावे, आणि मग विचारावे : त्या बायका भिऊन गप्प राहिल्या असतील, तर ही गोष्ट आपल्यापर्यंत आली कशी? कधीतरी, कोणीतरी, भीती सोडून बोललेच असेल, नाही का?

शेवटी एका व्यवहारी अडचणीविषयी बोलतो. मुखेड-कंधारकडून दसऱ्यानंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. सहा-सहा महिने घराला कुलूप. मंडळी एकीकडे, माणूस कारखान्याच्या फडावर. तिथे पहाटे कोयता हातात घ्यायचा आणि रात्री कोपीत पडायचे, वाचन कुठले? आज मोबाईलवर शुभवर्तमान ऐकता येते, ते चांगलेच आहे. पण त्याहून भरवशाचे साधन म्हणजे पाठ असलेली गोष्ट. लिहिले जाण्यापूर्वी शुभवर्तमान काही दशके माणसांच्या तोंडीच होते. म्हणून जाण्यापूर्वी प्रत्येक घराने चार-पाच गोष्टी पक्क्या करून न्याव्यात : पेरणाऱ्याची, त्या बाईची, वादळातल्या होडीची, भाकरींची, आंधळ्या बार्तीमयाची. मंडळीनेही त्यांची जागा मोडू नये. ते परत आले म्हणजे पहिल्या बैठकीत त्यांनाच विचारावे, फडावर कोणती गोष्ट आठवली आणि का आठवली.

सोळा अध्याय आहेत; आठवड्याला एक घेतला तर चार महिन्यांत मार्क पुरा होतो. सहा दिवस घरी वाचावे, वहीत प्रश्न लिहावेत, रविवारी ते मंडळीपुढे ठेवावेत. मंडळीत निघालेला अर्थ सोमवारी घरी परत तपासून पाहावा. घरात सुचलेले मंडळीत बोलायला धीर लागतो आणि मंडळीत ऐकलेले घरी आचरायला त्याहून जास्त लागतो. दोन्ही धीर ज्या गावात असतील, तिथे पाळक महिन्यातून एकदाच आले तरी अभ्यास अडणार नाही. वही मात्र आजच आणून ठेवा.