घाटकोपरला गाडी रिकामी होते तेव्हा

आत्ता मेट्रोत उभ्या उभ्या ऐकत असाल, तर आजचा एपिसोड तुमच्यासाठीच आहे.

विषय आहे घाटकोपर मेट्रो स्टेशन. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो 8 जून 2014 ला सुरू झाली. 11.4 किलोमीटर, 12 स्टेशनं, सगळी रस्त्याच्या वर, खांबांवर. त्याआधीचं आपल्या पिढीला फारसं आठवत नाही. लोकल धावतात उत्तर-दक्षिण. घाटकोपरहून अंधेरीला ट्रेननं जायचं तर आधी दादरला जा, लाइन बदला, परत वर या. नाहीतर 340 नंबरची बस. माझी आई साकीनाक्याला नोकरीला होती, वर्षानुवर्षं त्याच बसनं गेली. असल्फाला बस अडकली की स्वेटरची एक बाही विणून व्हायची म्हणते. (थोडं वाढवून सांगते, पण फार नाही.)

तर गेल्या महिन्यात मरोळच्या मावशीकडून आईला मेट्रोनं आणलं. संध्याकाळचे सात. कुणीतरी उठून जागा दिली, ती खूश. पण घाटकोपर शेवटचं स्टेशन. अख्खी गाडी तिथे रिकामी होते आणि त्यातले कितीतरी जण लोकल पकडायला एकाच दिशेनं, रेल्वेच्या पुलाकडे निघतात. ऑफिसच्या भाषेत सांगतो, एक सर्व्हर फास्ट केला की रांग संपत नाही, पुढच्या सर्व्हरसमोर जाऊन उभी राहते. चार डबे पुरत नाहीत ही ओरड खरी आहे. पण डबे वाढवले आणि बाहेर पडायची वाट तेवढीच ठेवली, तर मला भीतीच वाटते.

पुलाच्या तोंडाशी आई गुडघा धरून थांबली. मागून एक मुलगा म्हणाला, "काकू, साइडला व्हा ना." उद्धट नव्हता, घाईत होता. मी रोज कुणाला तरी हेच म्हणतो, याच टोनमध्ये. साइड नव्हतीच. कठड्याला तिला टेकवलं आणि दोन गाड्यांची गर्दी ओसरेपर्यंत हात आडवे करून समोर उभा राहिलो.

घरी आल्यावर म्हणाली, "बस बरी होती असं नाही रे. पण अडकलं तरी बसायला मिळायचं."

आता ती मेट्रोनं जाते, दुपारी बाराला. मी सातलाच येतो, पण पुलावर इअरफोन काढतो. तुमच्या स्टेशनवर अशी जागा कुठे आहे? व्हॉइस नोट पाठवा.