अंधेरीच्या जिन्यावरचं मानसशास्त्र

कॉलेजं सुरू झाली, की माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेचा फोनही सुरू होतो. "मॅडम, मानसशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी एखादा विषय द्या ना. सोपा." मी विचारते, तू काही ठरवलंयस का? उत्तर बहुधा दोहोंपैकी एक असतं. ‘तरुणांमधील ताणतणाव’ किंवा ‘सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम’. या दोन शीर्षकांचे इतके गठ्ठे मी तपासलेत, की ते शब्द दिसले तरी कपाळ दुखायला लागतं.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या मुलांनाही आता क्षेत्रकार्य आणि संशोधन करावं लागतं. चांगलंच आहे. पण हजारो मुलं एकाच वेळी ‘विषय द्या’ म्हणत निघाली आहेत, आणि रेडिओवर बोलायला मला दिलेल्या दहा मिनिटांत त्यांना एवढंच सांगायचं आहे: उभं राहून पाहता येईल, बोटांवर मोजता येईल, असा प्रश्न घ्या. मग विषयाचं नाव काहीही द्या.

मेथीची जुडी डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला उतरलात आणि स्वस्त मिळाल्या म्हणून चार जुड्या पिशवीत कोंबून घरी आलात. ओट्यावर डोंगर झाला. पण मुळं कापायची, पिवळी पानं काढायची, जाड दांडे वेगळे करायचे, तीन पाण्यांतून माती घालवायची, हे सगळं करता करता रात्रीचे नऊ वाजतात. मग माणूस कंटाळतो, दांड्यांसकट चिरतो आणि कढईत टाकतो. ‘तरुणांमधील ताणतणाव’ ही अशी चार जुड्यांची खरेदी आहे. कुठले तरुण? कसला ताण? परीक्षेचा, घरभाड्याचा, की रोज विरार फास्टमध्ये चढण्याचा? हे निवडायला वेळ उरत नाही. मग रात्री अकराला गुगल फॉर्म तयार होतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जातो, वर्गातली मुलं भरतात, मावसभाऊ भरतो, आई भरते आणि संख्या कमी पडली म्हणून आईच पुन्हा एकदा भरते. अहवालावर छापलेलं असतं, ‘मुंबईतील तरुणांचा अभ्यास’. ही भाजी दाताखाली कचकचते, मुलांनो. माती तशीच राहिलेली असते. त्यापेक्षा एकच जुडी आणा. शिजल्यावर ती वाटीभर होईल. होऊ दे. वाटीभरच वाढा.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा प्रश्नातून काय मिळणार? १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर लोकांच्या तोंडी ज्या अफवा फिरत होत्या, त्या पाटण्याच्या जमुना प्रसाद यांनी टिपून ठेवल्या आणि त्यांवरचा लेख १९३५ मध्ये मानसशास्त्राच्या ब्रिटिश नियतकालिकात छापून आला. काम म्हटलं तर साधं: कोण काय म्हणतंय ते ऐका आणि लिहा. पण जिथे धक्का जाणवला आणि पडझड मात्र झाली नाही, तिथल्या अफवा भलत्याच होत्या. याहून मोठं संकट येणार, असं त्या सांगत होत्या. वाचलेल्या माणसांनी एकमेकांना धीर द्यायचा, तर ती एकमेकांना आणखी घाबरवत होती. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर हे वाचून चक्रावले. माणसं मनातल्या भीतीला शोभेल असं कारण तर शोधत नसतील? या कोड्यातून पुढे निघाला १९५७ चा कॉग्निटिव्ह डिसोनन्सचा, म्हणजे मनातल्या विसंगतीचा, सिद्धान्त, जो तुम्ही परीक्षेत पाठ करून लिहिता. फेस्टिंजर सगळ्यांना ठाऊक असतात. ज्यांनी कान उघडे ठेवून गावातलं बोलणं टिपलं, त्या प्रसादांचं नाव वर्गात विचारलं की शांतता.

असो. आपण अंधेरीला येऊ.

५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सोडली. त्याच्या कितीतरी आधीपासून बायकांच्या डब्यात जागेचा एक कायदा चालत आला आहे. "कुठे उतरणार?" "दादर." "मग मला द्या." आणि कधी कधी, "नाही, दुसरीला सांगितलीय." हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडून पाहा, अख्खा डबा तुमच्याकडे वळून बघतो. मग चौथी सीट. तिघींच्या बाकावर चौथीने अर्धं टेकायचं, त्यासाठी शब्दही लागत नाहीत, हाताची नुसती खूण पुरते.

आता याच्याशेजारी न्यूयॉर्क ठेवा. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या भुयारी रेल्वेत बसलेल्या माणसांना कारण न देता विचारलं, तुमची जागा मला देता का? शंभरांतल्या अडुसष्ट जणांनी उठून किंवा सरकून जागा दिली. उभ्याने पुस्तक वाचता येत नाही, असं कारण जोडलं, तेव्हा मात्र हे प्रमाण ४२ टक्क्यांवर आलं! पण मला त्यातली खरी गंमत वेगळीच वाटते. विचारणाऱ्यांचेच पाय लटपटले. खुद्द मिलग्रॅम विचारायला गेले आणि शब्द घशात अडकले. आमच्या डब्यातली कुठलीही काकू हेच रोज सकाळी आठला सहज करते. का? तिथे मागणं हा नियमभंग आहे, इथे मागणं हाच नियम आहे म्हणून? हा प्रश्न घ्या. अंधेरीची सोय तर बघा. अंधेरीहून सुटणारी स्लो रिकामी लागते आणि विरारहून येणारी फास्ट भरून येते. एकच स्टेशन, सकाळची तीच वेळ, गर्दी दोन तऱ्हेची. रिकाम्या गाडीत चौथ्या सीटची पहिली खूण कुठल्या स्टेशनानंतर होते? कॉलेजची बॅग असलेलीला जागा आधी मिळते की कडेवर मूल असलेलीला? वहीत रेघा ओढत जा. हा ताणतणावाचाच अभ्यास आहे, फक्त तो शब्द न वापरता केलेला.

पुन्हा सांगते, कारण आत्ताही कोणीतरी वहीत ‘रेल्वे प्रवासाचे मानसिक परिणाम’ असं लिहून घेत असणार. तसं नको. चौथी सीट, पहिली खूण, कुठलं स्टेशन, एवढंच.

दुसरा प्रश्न जिन्यावरचा. ८ जून २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तेव्हापासून अंधेरीला एक मजेदार प्रयोग आपोआप चालू आहे, कोणी आखलेला नसताना. वर मेट्रोच्या फलाटावर माणूस रेघेमागे रांगेत उभा असतो, आतले उतरेपर्यंत थांबतो. तोच माणूस जिना उतरून खाली येतो आणि लोकल थांबायच्या आत खांदा पुढे काढतो. माणूस तोच, ऑफिसची बॅग तीच. मग मधल्या पायऱ्यांवर बदललं काय? रॉजर बार्कर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४७ पासून कॅन्ससमधल्या एका छोट्या गावात ठाण मांडलं. माणूस कसा वागेल हे त्याच्या स्वभावापेक्षा तो उभा आहे त्या जागेवरून जास्त कळतं, असं तो म्हणत असे. तुम्हाला कॅन्ससला जायला नको. फक्त ‘मेट्रोचे प्रवासी सुसंस्कृत असतात’ असलं वाक्य निष्कर्षात लिहू नका. दारं आपोआप बंद होतात, पुढची गाडी काही मिनिटांत येते, भाडं जास्त म्हणून प्रवासीही थोडे वेगळे. हे सगळे दांडे आहेत, ते आधी वेगळे काढा.

आता थोडं रागावते. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनला धर्मशास्त्र शिकणारी मुलं एका इमारतीतून दुसरीकडे निघाली होती आणि वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. तो अर्थातच ठरवून बसवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं होतं, त्यांतले फक्त १० टक्के. परोपकारावर भाषण द्यायला निघालेलेही घाईत पुढे गेले. हे वाचलं की दर वर्षी कोणीतरी उत्साही मुलगा म्हणतो, "मॅडम, आपण अंधेरीच्या पुलावर सकाळी नऊला पडायचं नाटक करू!"

अजिबात नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. कोणीतरी फुलं पडली म्हणालं आणि लोकांनी पूल पडला असं ऐकलं, असं वाचलेल्यांकडून तेव्हा बातम्यांत आलं होतं. गर्दीत नाटक करू नका, रस्ता अडवू नका, कोणाचे फोटो काढू नका, शिक्षकांची आणि लागेल तिथे रेल्वेची परवानगी घ्या. घाईच मोजायची आहे ना? मग कॉलेजच्या दारात, सुरक्षित जागी, कोणाच्या हातून वह्या पडल्या तर किती जण वाकतात ते पाहा, लेक्चरच्या आधी आणि लेक्चर सुटल्यावर. तेही शिक्षकांना सांगूनच, आणि नंतर वाकलेल्यांना खरं सांगून.

काचेपलीकडून कार्यक्रमाच्या निर्मात्या दोन बोटं दाखवताहेत, म्हणजे दोन मिनिटं उरली. नमुना किती मोठा असावा याबद्दल बोलायचं होतं, ते राहू दे. पालकांनाही एक सांगायचं होतं, आईच्या त्या दोन फॉर्मवरून… तेही राहू दे. तिसरा प्रश्न तेवढा देते.

अंधेरीची पूर्व आणि पश्चिम जोडणारा गोखले पूल. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला आणि एक बाजू उघडली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. मधल्या काळात अंधेरी पूर्व आणि पश्चिम ही दोन गावं झाली होती. सवयीची वाट अचानक बंद झाली, की डोक्यातला नकाशा किती दिवसांत बदलतो? आणि वाट पुन्हा उघडली, की माणसं लगेच जुन्या रस्त्याला लागतात, की वळशाचीच सवय झालेली असते? मानसशास्त्रज्ञ टोलमनने १९४८ मध्ये उंदरांच्या डोक्यातल्या नकाशांबद्दल लिहिलं. आपल्याकडे रिक्षावाले आहेत, आणि ते बोलतात. त्यांच्याकडून कागदावर अंधेरीचा नकाशा काढून घ्या, पूल बंद असताना कुठून जायचात ते विचारा, आणि पश्चिमेच्या स्टँडवरचे नकाशे पूर्वेच्या स्टँडवरच्या नकाशांशी… वेळ संपली वाटतं. बरं, एवढंच ऐका, शिफ्ट बदलायच्या वेळी जाऊ नका, तेव्हा त्यांना रिक्षा परत द्यायची घाई असते. दुपारी जेवणानंतर जा, आणि कोरे कागद दोन-चार जास्तच न्या.