अमेरिकेत कंपनी काढायची का?

आज विषय जरा लांबचा आहे, पण तो आमच्या दारापर्यंत आला होता.

आमच्या गटाची शेंगदाणा चटणी गावातली परदेशी गेलेली मुलं बॅगेत भरून नेतात. हे ऐकून एक गृहस्थ आमच्या बैठकीला आले. म्हणाले, "दीड लाख द्या, अमेरिकेत तुमची कंपनी काढून देतो. पुढं व्हिसाही मिळेल." दीड लाख म्हणजे आमची तीन वर्षांची बचत. निम्म्या जणी हरखल्या. तेवढ्यात आमच्या एक मावशी म्हणाल्या, "म्हैस घेताना दात बघतो, मग कंपनी घेताना काहीच बघायचं नाही का?"

आम्ही पंधरा दिवस मागून घेतले आणि बँकेत, सीएंकडे चौकशी केली.

कंपनी निघते, हे खरं. डेलावेअर नावाच्या राज्यात परदेशी माणसाला तिकडं न जाता कंपनी नोंदवता येते. पण लग्न लावणं सोपं, संसार अवघड. तिथं कागदपत्रं स्वीकारायला स्थानिक प्रतिनिधी नेमावा लागतो, त्याची फी दरवर्षी. एलएलसी प्रकारची कंपनी असेल तर एक पाकीट विकलं नाही तरी 1 जूनपर्यंत राज्याला 300 डॉलर भरायचे. एकाच परदेशी मालकाची एलएलसी असेल आणि मालकानं त्यात भांडवल घातलं, तरी 5472 क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. तो चुकला तर दंड 25,000 डॉलर, म्हणजे वीस लाखांच्या वर! करासाठीचा नंबर मात्र तिथलं सरकार फुकट देतं. त्याचेही पैसे कुणी मागितले तर सावध व्हा. आणि नुसती कंपनी काढली म्हणून व्हिसा मिळत नाही.

आपल्या देशाचेही नियम आहेत. बाहेर भांडवल पाठवायचं तर ते बँकेमार्फत, रिझर्व्ह बँकेच्या नियमानंच. परदेशातली मालमत्ता आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते.

आम्हाला सगळ्यात जास्त टोचली ती वेगळीच गोष्ट. आपला बचत गट म्हणजे कायद्यानं कंपनी नाही. म्हणजे तिकडची कंपनी एखादीच्या नावावर निघणार. पैसे दहा-बारा जणींचे, मालकी एकीची. उद्या वाद झाला तर गटाच्या रजिस्टरातली सही अमेरिकेत कोण विचारणार?

आणि चटणी पाठवायला तिकडं कंपनी लागतच नाही. लागतो तो आयात-निर्यात कोड. सरकारी फी 500 रुपये, अर्ज ऑनलाइन. शिवाय अन्न परवाना हवा. माल अमेरिकेला जायचा तर तिथल्या अन्न खात्याकडं आपल्या कारखान्याची नोंदणी करावी लागते. ती फुकट असते, पण दर दोन वर्षांनी नवी करायची आणि तिथला एक प्रतिनिधी दाखवायचा. माल पोचण्याआधी त्याची आगाऊ सूचनाही द्यावी लागते. आणि वेष्टनावर शेंगदाणा असल्याचं ठळक लिहायचं, कारण काही जणांना त्याची जीवघेणी ॲलर्जी असते.

गट म्हणून पुढं जायचं असेल तर दहा उत्पादक महिला मिळून इथंच उत्पादक कंपनी नोंदवता येते. तिच्यात प्रत्येकीचं नाव भागधारक म्हणून लागतं.

म्हणून आम्ही ठरवलं, आधी कोड असलेल्या निर्यातदाराला थोडा माल देऊन बघायचा. मागणी टिकली तर उत्पादक कंपनी. तिकडं गोदाम आणि कायमची गिऱ्हाइकं उभी राहिली, तर परदेशातल्या कंपनीचा विचार तेव्हा.

मैत्रिणींनो, तुमच्याकडं असं कुणी आलं तर तीन प्रश्न विचारा. मालकी कोणाच्या नावावर? दरवर्षी काय आणि कुठं भरायचं? बंद करायची झाली तर खर्च किती? उत्तरं लेखी मागा. आमच्या बैठकीला आलेल्या गृहस्थांनी लेखी द्यायचं म्हटल्यावर पुन्हा फोन उचलला नाही. आमचे दीड लाख मात्र अजून गटाच्या खात्यातच आहेत.

पुन्हा भेटू. नमस्कार.